डिंकाची कुपी

आपल्यापैकी ज्यांची मुले १९८०च्या आसपास अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेत होती, त्यांना ते स्टिकर नक्की आठवत असतील. गृहपाठ नीट झाला की टीचर वहीच्या कोपऱ्यात एक गोल, रंगीत स्टिकर चिकटवून देत. दिसायला अगदी साधे. पण नखाने खरवडले की त्यातून स्ट्रॉबेरीचा, पेपरमिंटचा, नाहीतर चक्क लोणच्याचा वास येई. (आपल्या कैरीच्या लोणच्याचा नव्हे, यांच्या शेपू घातलेल्या काकडीच्या.) त्या वह्या यथावकाश खोक्यांत भरल्या गेल्या आणि खोकी बेसमेंटमध्ये गेली. आज एखादे उघडून तो स्टिकर पुन्हा खरवडून पाहा. पुष्कळदा वास अजूनही येतो!

पेपरमिंटच्या तेलाचा थेंब टीपकागदावर टाकला तर दोन दिवसांत त्याचा मागमूस राहत नाही. मग तेच तेल वहीच्या पानावर चाळीस वर्षे टिकले कसे? कारण तिथे ते मोकळे नव्हतेच. त्या स्टिकरवर असंख्य सूक्ष्म कुप्या पसरलेल्या असतात. एकेक कुपी केसाच्या जाडीहूनही लहान, आत तेलाचा कण आणि भोवती बंद पडदा. नख फिरले की त्यातल्या काही फुटतात. उरलेल्या पुढच्या खेपेपर्यंत तशाच बंद राहतात. या कुप्यांना मायक्रोकॅप्सूल असे नाव आहे. गंमत म्हणजे त्यांचा जन्म सुगंधासाठी झालेलाच नाही. आपल्या मंडळातली कितीतरी कुटुंबे ज्या आय-७५ रस्त्यावरून वर्षातून पन्नास वेळा ये-जा करतात, त्याच रस्त्यावरच्या डेटन शहरात, एका गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत तो झाला. या गोष्टीत लोकांचे लक्ष नेहमी आतल्या सुवासाकडे गेले. माझ्या मते खरा इतिहास घडला तो कुपीच्या भिंतीचा, आणि तोच इथे सांगायचा आहे.

आधी अडचण काय होती ते पाहू. वनस्पतींची सुगंधी तेले म्हणजे आपल्या खोबरेल किंवा शेंगदाण्याच्या तेलासारखी तेले नव्हेत. त्यांचे रेणू लहान आणि हलके असतात, म्हणून तर ते उडून नाकापर्यंत पोचतात. वास येणे याचा अर्थच मुळी माल कमी होणे! आपल्या आज्या देवघरातल्या कापराच्या डबीत चार मिरे टाकून ठेवत, कापूर उडू नये म्हणून. मिऱ्यांचा उपयोग किती होतो ते सोडा, पण अडचण त्यांनी बरोबर ओळखली होती. दुसरा शत्रू हवेतला ऑक्सिजन. संत्र्याच्या सालीच्या तेलात बहुतांश लिमोनिन नावाचे द्रव्य असते. हवा लागली की त्याचे हळूहळू दुसऱ्याच द्रव्यांत रूपांतर होते आणि ताज्या संत्र्याच्या वासाला जुनाट, टर्पेंटाइनसारखी झाक येते. म्हणजे तेल उडून जाऊ द्यायचे नाही, हवा आत येऊ द्यायची नाही, आणि हवे तेव्हा मात्र ते बाहेर आले पाहिजे.

या तेलांचे मोल किती होते हे कळायला आपल्याकडचेच एक उदाहरण पुरे. ते या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. खानदेश, निमाड आणि बैतूलच्या डोंगराळ भागात रोशा नावाचे गवत उगवते. पावसाळा संपताना ते फुलोऱ्यावर येते. एकोणिसाव्या शतकात त्या सुमारास ओढ्याकाठी भट्ट्या लागत. मोठ्या कढईत गवत आणि पाणी भरायचे, झाकणाच्या फटी लिंपून घ्यायच्या आणि पोकळ बांबूच्या नळीतून वाफ थंड पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात उतरवायची. पाण्यावर जो पातळ तवंग येई ते रोशाचे तेल. त्याला गुलाबाच्या जवळचा वास असतो. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि तिथून इस्तंबूलला जाई. तिथे लिंबाचा रस घातलेल्या पाण्याबरोबर घुसळून, उन्हात ठेवून ते फिके करत आणि खऱ्या गुलाबाच्या अत्तरात मिसळत. बल्गेरियाच्या गुलाबाचे म्हणून पॅरिसमध्ये जे विकले जाई, त्यातल्या काही कुप्यांत आपले गवत होते! युरोपात या तेलाला ‘तुर्की’ आणि ‘भारतीय जिरेनियम’ अशी दोन्ही नावे पडली होती. १८७१ साली याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या ‘भारतीय जिरेनियम’ तेलातूनच गुलाबी वासाचे मुख्य द्रव्य वेगळे काढले आणि त्याला जेरॅनिऑल हे नाव दिले. हे नाव लक्षात ठेवा.

आता डेटन. जॉन पॅटरसन यांनी १८८४ साली तिथे नॅशनल कॅश रजिस्टर ही कंपनी काढली. सगळे जग तिला एनसीआर म्हणून ओळखते. गल्ल्याची यंत्रे आली की पावत्या आल्या, पावत्या आल्या की नकला आल्या, आणि नकला म्हणजे कार्बन पेपर. १८०६ साली इंग्लंडमध्ये निघालेला हा कागद सव्वाशे वर्षांनंतरही तसाच हात काळे करत होता. १९३०च्या दशकात एनसीआरमध्ये आलेल्या बॅरेट ग्रीन या रसायनशास्त्रज्ञाच्या डोक्यात आले की शाई कागदाच्या पाठीलाच लावून ठेवावी. पण ती द्रव असली तरी हाताला कोरडी लागली पाहिजे, आणि पेनाच्या दाबानेच बाहेर आली पाहिजे. ऐकायला हे कोड्यासारखे वाटते. ग्रीन यांनी ते सोडवायला पंधरा-एक वर्षे घेतली. १९४२ आणि १९४५ साली त्यांना मिळालेल्या पेटंटांत द्रवाचे थेंब एका पातळ थरात अडकवून ठेवण्याच्या कल्पना आहेत. प्रत्येक थेंबाला स्वतःची वेगळी भिंत देणे मात्र अजून जमायचे होते.

त्याची किल्ली हॉलंडमध्ये सापडली. तिथल्या बुंगेनबर्ग द यॉंग आणि क्रॉइट या दोघा शास्त्रज्ञांनी १९२९ साली एका विचित्र प्रकाराचे वर्णन केले होते. काही पदार्थ पाण्यात विरघळवून परिस्थिती थोडी बदलली की ते साखरेसारखे खडे होऊन खाली बसत नाहीत. त्यांचा एक दाट, मधासारखा द्राव वेगळा होतो आणि थेंबाथेंबांनी पाण्यात तरंगतो. त्यांनी याला ‘एकत्र ढीग करणे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून कोअॅसर्वेशन म्हटले. (पृथ्वीवर पहिली पेशी अशाच थेंबांतून आली असावी, असे पुढे रशियन शास्त्रज्ञ ओपारिन यांनी मांडले. तो विषय पुढच्या एखाद्या अंकासाठी ठेवू.) हे दोन पदार्थ म्हणून सर्वांत सोयीचे निघाले ते जिलेटिन आणि डिंक.

डिंक म्हणजे आपल्या लाडवांतला, बाळंतिणीला देतात त्याचाच भाऊबंद. अमेरिकेत ज्याला गम अरेबिक म्हणतात तो मुख्यतः सुदान आणि त्या पट्ट्यातल्या बाभळीच्या जातीच्या झाडांचा. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा बराच डिंक एडनमार्गे मुंबईला यायचा आणि तिथून पुढे लंडनला जायचा. लंडनच्या बाजारात मग त्याचे नावच ‘ईस्ट इंडिया गम’ पडले. झाड आफ्रिकेचे, नाव अरबांचे, शिक्का हिंदुस्थानचा. व्यापारात असे नेहमी होते.

ग्रीन आणि त्यांचे सहकारी लोवेल श्लायकर यांची पद्धत मी मोदकाच्या भाषेत सांगतो. सारण म्हणजे तेल, पारी म्हणजे जिलेटिन आणि डिंक. कोमट पाण्यात जिलेटिन विरघळवायचे, त्यात तेल घालून इतके घुसळायचे की त्याचे अतिसूक्ष्म थेंब व्हावेत, मग डिंकाचे पाणी घालायचे. डिंकाच्या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो. पाणी हळूहळू आंबट करत नेले की जिलेटिनवर धन भार येतो. आता दोघे एकमेकांना धरतात, त्यांचा तो दाट द्राव वेगळा होतो आणि जाऊन बसतो तेलाच्या थेंबांभोवती. घोळ थंड केला की पारीची जेली होते. शेवटी फॉर्माल्डिहाइडसारख्या रसायनाने ती कडक करायची. एका पातेल्यात कोट्यवधी मोदक, आणि एकही हाताने वळावा लागला नाही! (जिलेटिन जनावरांच्या हाडांचे आणि कातड्याचे, हे खरे. शाकाहारी मंडळींनी स्टिकरचा वास घेताना नाक मुरडावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.) या पद्धतीच्या पेटंटसाठी त्यांनी १९५३ साली अर्ज केला, आणि १९५७ साली ते मिळाले. पेटंटाचे नावच आहे ‘तेलयुक्त सूक्ष्म कुप्या आणि त्या बनवण्याची रीत’.

१९५४ साली तो कागद बाजारात आला. नाव एनसीआर पेपर. कंपनीचे नाव आणि ‘नो कार्बन रिक्वायर्ड’ यांची आद्याक्षरे जुळावीत ही जाहिरातवाल्यांची कमाल. वरच्या कागदाच्या पाठीला कुप्या, आत बिनरंगी रंगद्रव्य विरघळवलेले तेल. खालच्या कागदावर खास मातीचा लेप. पेन दाबले की कुप्या फुटत, द्रव्य मातीला लागताच निळे होई. गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त करून घेतल्यावर मिळणारी ती पिवळी आणि गुलाबी पावती आपण सर्वांनी पाहिली आहे. कागदाचे उत्पादन मुख्यतः विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन गावी होई.

पण त्या पहिल्या कुप्यांचे सारण काय होते? १९५४ ते १९७१ या काळात ते होते पीसीबी. न पेटणारे, न उडणारे, न बिघडणारे तेल. तेव्हाच्या इंजिनिअरांना आदर्शच वाटले असणार. तेच पुढे शाप ठरले, कारण ते निसर्गातही बिघडत नाही. कागद बनवताना उरलेले कपटे आणि वापरून टाकलेल्या पावत्या पुन्हा लगदा करण्यासाठी फॉक्स नदीकाठच्या गिरण्यांत जात. तिथे उरल्यासुरल्या कुप्या फुटत आणि पीसीबी नदीच्या गाळात, गाळातून माशांत, माशांतून माणसांत जाई. नदीचा तळ उपसण्याचे काम २००४ साली सुरू झाले आणि २०२० साली संपले. खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर गेला. भिंत डिंक-जिलेटिनची, म्हणजे जवळजवळ खाण्यासारखी होती. आत काय भरले आहे आणि ती शेवटी कुठे फुटणार आहे, हा प्रश्न मात्र वेळेवर कोणी विचारला नाही.

सुगंधाकडे वळण्याचे श्रेय दुसऱ्या एका कंपनीला आहे. मिनेसोटातल्या थ्रीएमलाही असाच कार्बनविना कागद करायचा होता. तिथले रसायनशास्त्रज्ञ गेल मॅटसन यांनी १९६०च्या दशकात डिंक-जिलेटिनऐवजी युरिया-फॉर्माल्डिहाइड या कृत्रिम पॉलिमरची भिंत वापरली. यात कच्चा माल तेलाच्या थेंबाभोवतीच एकमेकांना जोडला जातो आणि काचेसारखे कडक, पातळ कवच बनते. फरक मोठा होता. जिलेटिनची भिंत दमट हवेत पावसाळ्यातल्या पापडासारखी मऊ पडते, मग तेल झिरपते. पॉलिमरच्या भिंतीला दमट हवेचा त्रास कमी. आणि अशा कुपीत शाईच कशाला, पेपरमिंटचे किंवा गुलाबाचे तेल का नको? इथून ‘स्क्रॅच अँड स्निफ’ निघाले. मुलांची पुस्तके, जाहिराती, स्टिकर. १९८१ साली जॉन वॉटर्स यांच्या ‘पॉलिएस्टर’ या चित्रपटात प्रेक्षकांना दहा आकड्यांचे कार्ड देत. पडद्यावर आकडा आला की तो ठिपका खरवडायचा. सुरुवात गुलाबाने, पुढे पिझ्झा, स्कंक आणि घाणेरडे बूट! १९८७ साली बाल्टिमोरच्या गॅस कंपनीने गळतीचा वास ओळखता यावा म्हणून ग्राहकांना तशी पत्रके धाडली. पाकिटांतूनच वास सुटला आणि घाबरलेल्या लोकांचे फोन सुरू झाले. म्हणजे पॉलिमरची भिंतही सगळीच्या सगळी घट्ट नसते.

हसण्याजोग्या गोष्टी इथे संपतात. १९७४ साली याच तंत्राने शेतीसाठी एक औषध आले. मिथाइल पॅराथिऑन हे अत्यंत विषारी कीटकनाशक नायलॉनसारख्या पॉलिमरच्या कुप्यांत भरलेले होते. हेतू चांगला होता. फवारणाऱ्या मजुराच्या अंगावर विष थेट येऊ नये आणि शेतात ते हळूहळू सुटावे. पण त्या कुप्यांचा आकार नेमका फुलांच्या परागकणांएवढा निघाला. मधमाश्या त्या पायांवर गोळा करून पोळ्यात नेऊ लागल्या. साधे फवारलेले औषध माशीला शेतातच मारते. हे मात्र परागाबरोबर पोळ्यात साठून राहिले आणि पिलांना भरवले गेले. वसाहतीच्या वसाहती मेल्या. मला या संपूर्ण इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग हाच वाटतो. कुपी करणाऱ्यांनी तिची भिंत कधी फुटेल याचा फार बारकाईने विचार केला होता. न फुटलेली कुपी कोण उचलून नेईल, याचा नाही.

त्यानंतर गोष्ट पुन्हा आय-७५ वर येते. डेटनपासून सुमारे पन्नास मैलांवर सिनसिनाटी, तिथे प्रॉक्टर अँड गँबल. दरम्यान एनसीआरने ॲपलटनचा कागद कारखाना १९७८ साली विकून टाकला होता. संगणक आले, पावत्यांची गरज घटली. कुप्या करण्याची विद्या हातात आणि गिऱ्हाईक कमी, अशा अवस्थेत ॲपलटनने दुसरे काम शोधले. २००७च्या सुमारापासून प्रॉक्टरच्या डाउनी फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये ॲपलटनच्या कारखान्यातल्या सुगंधी कुप्या पडू लागल्या. सुगंध वनस्पतींच्या तेलांचा आणि कृत्रिम द्रव्यांचा मिळून केलेला, भिंत मेलामाइन-फॉर्माल्डिहाइडची. मेलामाइन म्हणजे आपल्या घरोघरी असतात त्या न फुटणाऱ्या ताटल्यांचेच प्लॅस्टिक. ड्रायरमधून काढलेला टॉवेल आठवड्यानंतर तोंडावर घासला तरी ताजा वास येतो, त्याचे कारण हे. टॉवेल घासला की कुप्या फुटतात, जशा पूर्वी पेनाने फुटत. कुप्यांचा हा विभाग ॲपलटनने २०१५ साली विकला आणि २०२१ साली तो मिलिकन कंपनीकडे गेला. खुद्द एनसीआरने २००९ साली डेटन सोडले आणि जॉर्जियात बिऱ्हाड केले. तिची जुनी मुख्य इमारत डेटन विद्यापीठाने घेतली. २०२३ साली त्या कंपनीचेही दोन तुकडे झाले.

टॉवेलाच्या वासात गैर काही नाही. पण मशीनमध्ये घातलेल्या कुप्यांपैकी बऱ्याच कपड्याला चिकटतच नाहीत. पाण्याबरोबर गटारात जातात. मेलामाइनची भिंत कुजत नाही. म्हणजे प्रत्येक धुण्याबरोबर प्लॅस्टिकचे अदृश्य कण आपण नदीला देतो. युरोपीय संघाने हे ओळखले. मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवरचा त्यांचा नियम १७ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आला, आणि सुगंधाच्या कुप्यांना त्यात सहा वर्षांची मुदत दिली आहे. १७ ऑक्टोबर २०२९ नंतर तिथे न कुजणाऱ्या भिंतीची सुगंधी कुपी विकता येणार नाही. अमेरिकेत २०१५ साली झालेला कायदा फक्त धुऊन टाकायच्या प्रसाधनांतल्या प्लॅस्टिकच्या मण्यांपुरता आहे. सॉफ्टनरला तो लागू नाही. तरी बड्या कंपन्या दोन बाजारांसाठी दोन भिंती फार काळ बांधत बसतील असे मला वाटत नाही.

तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळा आता कुजणाऱ्या भिंतीच्या शोधात आहेत आणि पुन्हा जिलेटिन, डिंक, स्टार्च, कोळंबीच्या कवचातून मिळणारे कायटोसान यांच्याकडे वळल्या आहेत. खाद्यपदार्थांच्या धंद्याने हा रस्ता कधी सोडलाच नव्हता. तिथे संत्र्याचे तेल डिंकाच्या पाण्यात घोळवून गरम हवेत फवारायचे आणि त्याची कोरडी पूड करायची, ही रीत १९३०च्या दशकापासून चालू आहे. टँगसारख्या सरबतांच्या पुडीतला वास असाच राखला जातो. मुंबईच्या माटुंग्यातल्या ज्या संस्थेला आपण अजून यूडीसीटी म्हणतो, तिथे प्रा. रेखा सिंघल यांच्या गटाने वेलदोड्याच्या अर्कावर केलेले काम २००५ साली प्रसिद्ध झाले. डिंक महाग आणि त्याचा पुरवठा बेभरवशाचा, म्हणून त्याच्या जागी स्टार्चपासून केलेले पदार्थ चालतील का, हा त्यांचा प्रश्न होता. एकटा डिंक इतर दोघांपेक्षा सरस ठरला. पण चार भाग डिंक आणि बाकी दोघे एकेक भाग, हे मिश्रण निव्वळ डिंकाहूनही चांगले निघाले. पुढे त्यांनी जिऱ्याच्या अर्कावरही असेच काम केले. भेळीच्या मसाल्यात भेसळीला जागा असते, इथे मिश्रणाने खरोखर फायदा झाला.

सर्वांत गमतीची भिंत मात्र कोणी बनवलेलीच नाही. पाव फुगवण्यासाठी आपण जे यीस्ट वापरतो त्याची एकेक पेशी म्हणजे तयार कुपीच. तिची भिंत ग्लुकान नावाच्या नैसर्गिक पॉलिमरची असते. १९७०च्या दशकात शिकागोच्या स्विफ्ट या मांसाच्या कंपनीत यीस्टसारख्या सूक्ष्मजीवांच्या पेशींत तेले भरण्याचा विचार झाला आणि १९७७ साली त्याचे पेटंट मिळाले. पुढे इंग्लंडमध्ये ही कल्पना वाढली. रीत अशी की मेलेले यीस्ट आणि सुगंधी तेल कोमट पाण्यात ढवळत ठेवायचे. तेलाचे लहान रेणू पेशीच्या भिंतीतून आपोआप आत शिरतात आणि तिथेच राहतात. आम्ल नको, फॉर्माल्डिहाइड नको. वाळवली की ती भिंत तेलाला धरून ठेवते.

इंग्लंडच्याच ईडन रिसर्च कंपनीने यातून द्राक्षांसाठी मेव्हालोन नावाचे एक औषध केले आहे. द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची राखाडी बुरशी येते. जगभरचे बागायतदार तिच्याने त्रस्त आहेत. यीस्टच्या कुप्यांत जी तीन द्रव्ये भरली आहेत, त्यांना युरोपीय संघाने २०१३ साली मान्यता दिली. पहिले युजेनॉल, म्हणजे लवंगेचे. दुसरे थायमॉल, म्हणजे आपले ओव्याचे फूल. पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनी ते हिंदुस्थानातून गेलेल्या ओव्यापासूनच काढत असे. आणि तिसरे जेरॅनिऑल, जे १८७१ साली रोशाच्या तेलात पहिल्यांदा सापडले होते.

ही तीनही द्रव्ये नुसती फवारली तर उन्हात तासाभरात उडून जातील, शिवाय पानांना चटका बसेल तो वेगळाच. कुपीत असली की कोरड्या दिवशी ती द्राक्षाच्या घडावर काहीही न करता नुसती बसून राहतात. पहाटे दव पडते किंवा पाऊस येतो, यीस्टची भिंत भिजते आणि तेल बाहेर झिरपू लागते. बोट्रायटिसच्या बीजाणूंना रुजायला नेमका तेवढाच ओलावा लागतो.